चौरस माप : पाटीवरचे आणि जमिनीवरचे

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात तळवली येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेने मला येथे बोलावून जो मान दिला त्याबद्दल मी प्रथम आभार मानतो. अशा मेळाव्यात पाहुण्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे असा रिवाज आहे. ते महत्त्व आपणां सर्वांना मान्यच आहे, म्हणून तर आपण कामधंदा बाजूला ठेवून येथे जमला आहात. तेव्हा शिक्षणाची सर्वसाधारण स्तुती न करता शालेय गणितातला एकच छोटा धडा मी आज आपल्यापुढे मांडणार आहे. तो धडा क्षेत्रफळाचा. पाचवी-सहावीच्या सुमारास तो येतो, 'लांबी गुणिले रुंदी' एवढे सूत्र पाठ होते, परीक्षेत चार-पाच गुण मिळतात आणि पुस्तक मिटले की धडाही मिटतो.

माझे म्हणणे असे की, निदान या भागातल्या मुला-मुलींनी तरी हा धडा मिटू देऊ नये. आज आपण ज्या जमिनीवर बसलो आहोत, तिचा गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांचा सारा इतिहास एकर, गुंठा, आर आणि चौरस मीटर यांतच लिहिलेला आहे. ज्याला ती भाषा वाचता आली त्याने आपला कागद स्वतः वाचला. ज्याला आली नाही त्याला तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागला, आणि वाचणारा सांगेल त्यावर विश्वास ठेवावा लागला.

विद्यार्थी मित्रांनो, आधी तुमच्याशी बोलतो. लांबी सुतळीने मोजता येते, कारण सुतळीला स्वतःला लांबी आहे. पाणी तांब्याने मोजता येते, कारण तांब्यात पाणी मावते. मग जागा कशाने मोजायची? जागा मोजायला जागेचाच एक तुकडा हवा. तो तुकडा कोणताही चालला असता, परंतु गोल तुकडे शेजारी शेजारी ठेवले तर मधे फटी राहतात. चौरस तुकडे मात्र एकमेकांना बिलगून बसतात, फट राहत नाही आणि एकावर एक चढतही नाहीत. म्हणून जगभर माणसाने चौरस निवडला. ज्याची प्रत्येक बाजू एक फूट आहे अशा चौरसाने जेवढी जागा झाकली जाते, ती एक चौरस फूट. बाजू एक मीटर असेल तर एक चौरस मीटर. क्षेत्रफळ म्हणजे अशा चौरसांची मोजदाद, यापलीकडे त्यात काही गूढ नाही.

खोली १२ फूट लांब आणि १० फूट रुंद आहे असे समजा. एक फुटी फरशी लावायला घेतली तर एका ओळीत १२ फरश्या बसतील आणि अशा १० ओळी होतील. एकूण १२० फरश्या. गुणाकार हा केवळ मोजण्याचा जवळचा रस्ता आहे. फरशी दोन फुटी घेतली तर किती लागतील? पुष्कळ मुले चटकन ६० म्हणतात. दोन फुटी फरशी एक फुटीच्या दुप्पट नसते, चौपट असते. तिच्या पोटात दोन ओळींत दोन-दोन मिळून चार चौरस बसतात. म्हणून फरश्या ३० लागतील. बाजू तिप्पट केली तर चौरस नऊपट होतो, दहापट केली तर शंभरपट. आजच्या भाषणातून एवढे एकच वाक्य घरी नेले तरी चालेल : बाजू जितकी पट, जागा तितक्या पटीची तितकी पट.

याच एका गोष्टीत बहुतेक चुका दडलेल्या असतात. एका फुटात १२ इंच असतात, पण एका चौरस फुटात १२ चौरस इंच नसून १४४ असतात. एका मीटरात १०० सेंटिमीटर, पण एका चौरस मीटरात १०,००० चौरस सेंटिमीटर. आणि ज्याचा रोजच्या व्यवहाराशी सर्वांत जवळचा संबंध आहे तो हिशेब असा : एक मीटर म्हणजे ३.२८ फूट, पण एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. हा आकडा पालकांनीही लिहून ठेवावा. तो पुढे कामास येणार आहे.

आपल्या मराठी भाषेतही एक बारीक जागा आहे. '१० चौरस फूट' आणि '१० फूट चौरस' हे कानाला सारखेच वाटते. पहिल्याचा अर्थ एक फुटी दहा चौरस, म्हणजे एखादा पलंगही धड मावणार नाही इतकी जागा. दुसऱ्याचा अर्थ दहा फूट बाजूचा चौरस, म्हणजे १०० चौरस फूट, एक चांगली खोली. गवंडी आणि रंगारी हिशेब ब्रासात सांगतात, आणि पृष्ठभागाचा एक ब्रास म्हणजे हेच १०० चौरस फूट. शब्दांची जागा बदलली की मजुरीचा आकडा दहापट बदलतो.

आणखी एक समजूत दूर केली पाहिजे. जागेभोवती फिरून आलो म्हणजे जागा कळली, असे अनेकांना वाटते. चाळीस मीटर दोरी घ्या आणि तिने जमीन वेढा. १० मीटर बाजूचा चौरस केला तर आत १०० चौरस मीटर जागा येते. त्याच दोरीने १५ मीटर लांब व ५ मीटर रुंद आयत केला तर ७५ चौरस मीटर. १९ मीटर लांब आणि १ मीटर रुंद पट्टा केला तर अवघे १९ चौरस मीटर. दोरी तीच, कुंपणाचा खर्च तोच, आतली जागा मात्र पाचव्या हिश्श्याहून कमी. परिमिती म्हणजे कड. कडेवरून जागेची पारख करू नये.

आता पालकांकडे वळतो. आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असलेली मापे मुलांना परकी वाटतात, पण त्यांची घडण पाहिली तर तीही चौरसांचीच आहेत. शिवकाळात जमीन काठीने मोजत. वीस काठ्यांचा एक पांड, वीस पांडांचा एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चावर असा हिशेब होता. म्हणजे बिघा हा वीस काठी लांब आणि वीस काठी रुंद असा चौरसच.

उत्तर हिंदुस्थानात अकबर बादशहाच्या अमदानीत बिघा ६० गज लांब आणि ६० गज रुंद, म्हणजे ३,६०० चौरस गजांचा धरत. तेथे पूर्वी तागाची दोरी वापरीत असत. ही दोरी ओली झाली की आखडते. १५७५ च्या सुमारास तिच्या जागी लोखंडी कड्यांनी जोडलेले बांबूचे तुकडे मोजणीसाठी आणले गेले. दोरीच्या आखडण्याची एवढी धास्ती का, हे आता तुम्हीच सांगू शकाल. ६० गजांची दोरी आखडून ५७ गज झाली असे धरा. लांबीत तूट शंभरास पाच. पण अशा दोरीने मोजलेला बिघा ५७ गुणिले ५७, म्हणजे ३,२४९ चौरस गजांचा भरेल. तूट झाली ३५१ चौरस गजांची, शंभरास जवळजवळ दहा. खऱ्या १०० बिघ्यांचे कागदावर ११० हून अधिक बिघे होणार आणि शेतकऱ्याला तेवढा जादा सारा भरावा लागणार. लांबीतली लहान चूक क्षेत्रात जवळजवळ दुप्पट होऊन येते. मापाचे साधन सुधारणे हे रयतेला न्याय देण्याचेच काम होते.

आपल्या मुंबई इलाख्यात इंग्रजी अमलात गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून जमीन मोजणीची नवी पद्धत सुरू केली. या मोजणीची साखळी ३३ फुटांची होती आणि तिचे १६ आणे केलेले असत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. म्हणून गुंठा ३३ गुणिले ३३, म्हणजे १,०८९ चौरस फूट. एकरात गुंठे चाळीसच का, असे मुले विचारतात. प्रश्न चांगला आहे. विलायतेत एडमंड गंटर नावाच्या गणितज्ञाने १६२० मध्ये ६६ फुटांची साखळी रूढ केली. एक साखळी रुंद आणि दहा साखळ्या लांब पट्टा म्हणजे एकर, अर्थात दहा चौरस साखळ्या. आपली साखळी तिच्या निम्मी. बाजू निम्मी झाली की चौरस पाव होतो, म्हणजे एका विलायती चौरसात आपले चार गुंठे बसतात. दहा चोक चाळीस. एकर म्हणजे ४० गुंठे, ४३,५६० चौरस फूट.

पुढे १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर देशात मेट्रिक मापे आली आणि सात-बाऱ्यावर एकर, गुंठे, आणे यांच्या जागी हेक्टर, आर, चौरस मीटर आले. आर म्हणजे १० मीटर बाजूचा चौरस, १०० चौरस मीटर. हेक्टर म्हणजे १०० मीटर बाजूचा चौरस, १०,००० चौरस मीटर. म्हणून एका हेक्टरात १०० आर, आणि एकराच्या मापाने सुमारे २.४७ एकर. सात-बाऱ्यावर ०.४०.५० असे लिहिलेले असेल तर ते शून्य हेक्टर, ४० आर, ५० चौरस मीटर असे वाचावे. एकूण ४,०५० चौरस मीटर, म्हणजे एक एकराहून किंचित जास्त. शेजारी पोटखराबा वेगळा दाखवलेला असतो, तोही पाहावा. लागवडीयोग्य क्षेत्र आणि पोटखराबा मिळून एकूण क्षेत्र होते.

येथे एक सावधगिरी सांगतो. बोलण्यात आर आणि गुंठा एकच मानण्याची सवय पडली आहे. ते जवळजवळ सारखे आहेत हे खरे, पण एकच नाहीत. गुंठा १०१.१७ चौरस मीटरांचा, आर बरोबर १०० चा. एका गुंठ्यात हा फरक चटईएवढा वाटतो. शंभर गुंठ्यांवर तो ११७ चौरस मीटर होतो, म्हणजे सुमारे १,२६० चौरस फूट. भाताच्या खाचरात तो कदाचित कोणी मोजला नसता. आज नवी मुंबईत तेवढ्या जागेवर एक घर उभे राहते.

आता आपल्या घराजवळ येऊ. तळवली, घणसोली, गोठिवली, राबाडे ही गावे पूर्वेला पारसिकचा डोंगर आणि पश्चिमेला ठाण्याची खाडी यांच्यामधली. साठच्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात औद्योगिक वसाहतीसाठी जमिनी घेतल्या गेल्या. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांचे सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र नव्या शहरासाठी ठरवण्यात आले. ३४४ चौरस किलोमीटर म्हणजे ३४४ किलोमीटरचा रस्ता नव्हे. साडेअठरा किलोमीटर बाजूचा एक चौरस डोळ्यांपुढे आणा, तेवढी ही जागा, म्हणजे सुमारे ३४,४०० हेक्टर.

या जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले ते या भागातील वडीलधाऱ्यांना सांगण्याची गरज नाही. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. त्या लढ्यातून विकसित जमिनीचा काही भाग शेतकऱ्याला परत मिळावा हे तत्त्व पुढे आले, आणि नव्वदच्या दशकात साडेबारा टक्के योजना अमलात आली. मुलांनो, हे सर्व ज्या अंकांसाठी घडले ते अंक तुम्हाला मांडता आले पाहिजेत.

एका कुटुंबाची एक एकर जमीन संपादित झाली असे समजा. ४० गुंठ्यांचे साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे, मीटरात सुमारे ५०६ चौरस मीटर. त्यातून सामाजिक व सार्वजनिक सोयींसाठी ३० टक्के वजा होतात. म्हणजे प्रत्यक्ष हाती येतात पावणेनऊ टक्के, साडेतीन गुंठे, सुमारे ३५४ चौरस मीटर. याचे चौरस फूट किती? साडेतीन गुणिले १,०८९, म्हणजे ३,८११ चौरस फूट. आता ज्याने मीटर-फुटाचा धडा अर्धवट शिकला आहे तो ३५४ ला ३.२८ ने गुणील आणि १,१६१ सांगेल. खऱ्या उत्तराच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी! समोर बसलेल्या व्यवहारी माणसाने हाच हिशेब कागदावर करून दाखवला आणि आपण मान डोलावली, तर नुकसान कोणाचे? त्याच ३५४ चौरस मीटरांवर चटई क्षेत्र निर्देशांक दीड असेल तर ५३१ चौरस मीटर बांधकाम करता येते. भूखंडाचे क्षेत्र वेगळे आणि बांधकामाचे क्षेत्र वेगळे. करारनाम्यात ज्याचा आकडा आहे तो कोणता, हे सही करण्यापूर्वी विचारणे हा अविश्वास नव्हे, हे शहाणपण आहे.

आतापर्यंत आपण आयत आणि चौरस पाहिले. परंतु अल्लाहने जमीन आयताकृती कापून दिलेली नाही. आपले बांध वाकडे, कोपरे तिरपे. अशा जागेचे काय करायचे?

पूर्वी एक ढोबळ रीत होती. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आणि त्या दोन सरासऱ्यांचा गुणाकार करायचा. आजही जागेच्या चार बाजू ऐकून तोंडी हिशेब करणारे हीच रीत वापरतात. ती किती फसवी आहे हे घरच्या घरी पाहता येते. केरसुणीच्या सारख्या लांबीच्या चार काड्या घ्या, टोके दोऱ्याने बांधा. प्रत्येक काडी १० बोटे आहे असे धरा. चौरस उभा केला तर आत १०० चौरस बोटे जागा. आता तो एका बाजूला कलवा. उंची ८ बोटे राहिली की जागा ८०, उंची ६ राहिली की ६०, आणि पुरता दाबला की जागा शून्य. बाजू मात्र चारही दहाच. ढोबळ रीत प्रत्येक वेळी १०० च सांगत राहील.

बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी हेच बजावून ठेवले आहे. या गणितज्ञाच्या घराण्याचा शिलालेख आपल्या महाराष्ट्रात चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. त्यांच्या 'लीलावती' या ग्रंथात, कर्ण किंवा लंब न सांगता नुसत्या चार बाजूंवरून चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्याला आणि ते सांगणाऱ्यालाही त्यांनी कडक शब्दांत फटकारले आहे. अकबराच्या दरबारातील कवी फैजी याने १५८७ मध्ये या 'लीलावती'चा फारसी अनुवाद केला. चांगले ज्ञान कोणत्या भाषेत जन्मले हे आपल्या पूर्वजांनी पाहिले नाही. ते उचलून आपल्या भाषेत आणले. आपणही तेच करावे.

तर उपाय काय? कर्ण मोजा. कर्णाने चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि तीन बाजूंचा त्रिकोण कलत नाही. समजा, एका जागेचा कर्ण ५० मीटर आहे आणि समोरच्या दोन कोपऱ्यांपासून त्यावर टाकलेले लंब १८ व २२ मीटर आहेत. लंबांची बेरीज ४०. पन्नास गुणिले चाळीसचे निम्मे १,००० चौरस मीटर, म्हणजे १० आर. शंकू-साखळीने मोजणी होत असे तेव्हा भूकरमापक हेच करीत. आता उपग्रहाच्या आधाराने चालणारी यंत्रे आली आहेत, पण यंत्राच्या पोटातले गणित हेच आहे. मोजणीनंतर मिळणाऱ्या क प्रतीवर नकाशा १:१००० प्रमाणाचा असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे १० मीटर. म्हणून नकाशातला एक चौरस सेंटिमीटर म्हणजे १०० चौरस मीटर, बरोबर एक आर. पारदर्शक आलेख कागद त्यावर ठेवून सहावीतला मुलगाही घर मोजू शकेल. पूर्ण घर मोजावे, निम्म्याहून जास्त भरलेले घर पूर्ण धरावे, निम्म्याहून कमी असलेले सोडून द्यावे. उत्तर अगदी तंतोतंत येणार नाही, पण कागदावरच्या आकड्यात मोठी चूक असेल तर ती उघडी पडेल.

आता मी एका नाजूक विषयाला हात घालतो. तो म्हणजे वाटणी. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी नावाचे थोर गणितज्ञ होऊन गेले. ज्या ग्रंथाच्या नावावरून बीजगणिताला जगभर 'अल्जेब्रा' हे नाव मिळाले, त्या त्यांच्या ग्रंथात एक भाग मोजमापाचा आहे आणि एक मोठा भाग वारसाहक्काच्या हिशेबांचा आहे. हे दोन भाग एकाच पुस्तकात असावेत यात मोठा अर्थ आहे. हिस्सा अपूर्णांकात ठरतो, पण द्यावा लागतो जमिनीवर.

एका गृहस्थाच्या पश्चात ४०० चौरस मीटरचा भूखंड राहिला. वारस पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. शरियतप्रमाणे पत्नीचा आठवा हिस्सा ५० चौरस मीटर. उरलेल्या ३५० चे पाच भाग, प्रत्येकी ७०. मुलांना दोन-दोन भाग, म्हणजे १४० आणि १४०. मुलीचा एक भाग, ७० चौरस मीटर. बेरीज बरोबर ४००. त्या मुलीचे ७० चौरस मीटर म्हणजे सुमारे ७५३ चौरस फूट होतात. हा हिस्सा तिला कोणी मेहेरबानी म्हणून देत नाही, तो तिचा ठरलेला हक्क आहे. तो किती होतो हे तिला स्वतःला मांडता आले पाहिजे. मुलींना गणित शिकवण्याचे याहून बळकट कारण मला माहीत नाही.

वाटणीत आकारही फसवतो. हाच ४०० चौरस मीटरचा भूखंड रस्त्याकडे १० मीटर रुंद, मागे पसरत जाऊन ३० मीटर रुंद आणि २० मीटर खोल आहे असे समजा. १० आणि ३० यांची सरासरी २०, गुणिले २०, म्हणून ४००. फक्त दोन भाऊ वारस आहेत, आणि एकाने पुढचा, दुसऱ्याने मागचा निम्मा भाग घ्यायचे ठरले. वाटेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. २० मीटर खोलीचे मधोमध दोन भाग केले, १० आणि १०. टेप लावला, दोघांचे समाधान झाले. पण पुढचा तुकडा १० मीटरपासून २० मीटर रुंद होतो, त्याचे क्षेत्र १५०. मागचा २० पासून ३० होतो, त्याचे क्षेत्र २५०. टेपाने बरोबर, चौरसाने १०० मीटरांचा फरक!

मग रेघ कोठे मारावी? हे वरच्या वर्गातल्या मुलांसाठी. पुढच्या तुकड्याची खोली 'क्ष' धरली तर तेथली रुंदी १० अधिक क्ष होते. क्षेत्र २०० हवे, म्हणून क्ष चा वर्ग अधिक वीस क्ष बरोबर ४००. दोन्ही बाजूंना १०० मिळवा. डावीकडे क्ष अधिक दहाचा पूर्ण वर्ग होतो, उजवीकडे ५००. ५०० चे वर्गमूळ २२.३६, त्यातून १० गेले, राहिले १२.३६. रेघ दहा मीटरवर न मारता १२ मीटर ३६ सेंटिमीटरवर मारावी. हीच अल-ख्वारिज्मींची वर्ग पूर्ण करण्याची रीत. अकराशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहिलेले हे गणित आज दोन भावांमधली कटुता टाळू शकते. पुष्कळ कुटुंबांत भावकीचा वाद लोभातून सुरू होत नाही, तो चुकीच्या रेघेतून सुरू होतो आणि लोभ मागाहून येतो.

फ्लॅट घेणाऱ्यांसाठी दोन शब्द सांगतो. आतून १२ बाय १० ची खोली १२० चौरस फूट. तिच्या चारही बाजूंच्या ९ इंची भिंती धरल्या तर बाहेरून ती साडेतेरा बाय साडेअकरा होते, म्हणजे १५५ चौरस फूट. भिंतींनीच ३५ चौरस फूट खाल्ले. २०१६ च्या रेरा कायद्यात चटई क्षेत्राची व्याख्या दिली आहे. आतल्या वापरण्याजोग्या जागेत मधल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत. दर विचारताना तो कोणत्या क्षेत्रावर आहे हे आधी विचारावे, आणि ताबा घेताना टेप लावावा.

शेवटी तिन्ही बाजूंना एक-एक काम सांगतो. शिक्षकांनी हा धडा फळ्यावर संपवू नये. मुलांना मैदानात नेऊन चुन्याने एक आर आणि त्याला लागून एक गुंठा आखून दाखवावा. विद्यार्थ्यांनी या आठवड्यात आपल्या घरातील प्रत्येक खोली मोजावी, फूट आणि मीटर दोन्हींत क्षेत्रफळ काढावे आणि १०.७६ चा मेळ बसतो का ते पाहावे. आणि पालकांनी घरातला सात-बारा, आठ-अ किंवा मिळकत पत्रिका काढून मुला-मुलींपुढे ठेवावी. कपाटात जपून ठेवलेला कागद मुलांना वाचून दाखवला तरच तो खरा जपला जातो.

जमीन ज्यांना सांभाळता आली त्यांनी ती सांभाळली, ज्यांची गेली त्यांची गेली. पुढच्या पिढीच्या हाती किती चौरस मीटर येतील हे आपल्या हातात पूर्णपणे नाही. पण जे येतील ते मोजण्याची अक्कल देणे मात्र आपल्या हातात आहे, आणि त्याला पाटी-पेन्सिलीहून जास्त खर्च येत नाही. आपल्या संस्थेच्या हातून हे काम घडत राहो, अशी दुआ करतो आणि आपली रजा घेतो.

खुदा हाफिज.